कोष्टके आणि दृश्ये : बोलीशब्दांच्या एका लहान वेब-संग्रहाची घडण

संगणकविद्येत 'व्ह्यू' ही संज्ञा निदान दोन अर्थांनी रूढ आहे, आणि या दोन अर्थांची गल्लत होत असल्यामुळे भाषाभ्यासकाला हा विषय आहे त्याहून अधिक दुर्गम वाटतो. डेटाबेसच्या परिभाषेत 'व्ह्यू' म्हणजे नाव देऊन जतन केलेली पृच्छा होय. तिच्या ठायी स्वतःची सामग्री नसते. ती विचारली गेली म्हणजे मूळ कोष्टकांतून ओळी निवडल्या जातात आणि जणू एक नवे कोष्टकच समोर आले आहे असा भास होतो. वेब-अनुप्रयोगाच्या परिभाषेत 'व्ह्यू' म्हणजे वाचकाची मागणी स्वीकारून तिला उत्तर देणारा प्रोग्रामचा भाग. मराठीत दोहोंसाठी 'दृश्य' हा एकच शब्द वापरावयास हरकत नाही. कारण मूळ सामग्री एकीकडे, तिचे दर्शन दुसरीकडे, आणि या दोहोंमध्ये कोणीतरी केलेली निवड, ही कल्पना दोन्ही अर्थांच्या मुळाशी आहे.

ही कल्पना ज्या सिद्धान्तावर उभी आहे तो एडगर कॉड याने १९७० साली मांडला. सामग्री यंत्राच्या पोटात कोणत्या क्रमाने व कोणत्या जागी ठेवली आहे याच्याशी ती वापरणाऱ्याला कर्तव्य असू नये, त्याने केवळ संबंधांच्या भाषेत प्रश्न विचारावा, हे त्याचे मुख्य सूत्र. पुढे लहान अनुप्रयोगांसाठी अनेक सिद्ध चौकटी निघाल्या. त्यांतील 'जँगो' ही अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत आकारास आली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्या कर्त्यांनी 'व्ह्यू' या शब्दाचा खुलासा करताना एक मार्मिक भेद केला आहे. सामग्री कशी दिसावी हे ठरविणे त्यांच्या मते साच्याचे काम आहे. कोणती सामग्री दिसावी हे ठरविणे हे दृश्याचे काम. हा भेद मान्य केला की दृश्य रचणे हे मुळात संपादनाचे कार्य ठरते, आणि म्हणून ते सर्वस्वी तंत्रज्ञावर सोपवून चालत नाही. पानाचा रंग, अक्षरांचा आकार, रकान्यांची रुंदी या गोष्टी खुशाल इतरांवर सोपवाव्यात. परंतु पानावर कोणत्या ओळी आल्या आणि कोणत्या आल्या नाहीत, याची जबाबदारी ज्याने सामग्री जमविली त्याचीच राहते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक लहान संग्रह कल्पावा. एखाद्या भाषाविज्ञान विभागातील विद्यार्थ्यांनी प्रश्नावली घेऊन गावोगाव शब्द गोळा केले आहेत. प्रत्येक उत्तर एका चिठ्ठीवर आहे : कोणत्या प्रश्नाचे उत्तर, कोणत्या गावी, काय शब्दरूप, उच्चार कसा, नाम असल्यास लिंग कोणते, निवेदक कोण, दिनांक कोणता. चिठ्ठ्यांची ही पद्धत महाराष्ट्रातील अभ्यासकांना नवी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभ झालेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांच्या आधारावर चालत आले आहे. प्रस्तुत संग्रह त्यामानाने अगदीच किरकोळ, काही हजार चिठ्ठ्यांचा. एवढ्या कामाला 'एसक्यूलाइट' हा डेटाबेस पुरेसा होतो. रिचर्ड हिप याने तो २००० साली सिद्ध केला. त्यात संपूर्ण संग्रह एकाच फाइलमध्ये मावतो व त्यासाठी वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही.

या संग्रहाला तीन कोष्टके लागतात. 'प्रश्न' या कोष्टकात प्रश्नावलीतील संकल्पना : मुलगा, नांगर, ढेकर इत्यादी. 'गाव' या कोष्टकात गावाचे नाव, तालुका व जिल्हा. 'नोंद' या कोष्टकात एकेका चिठ्ठीची एकेक ओळ. तीत प्रश्नाचा आणि गावाचा केवळ क्रमांक असतो, बाकी मजकूर चिठ्ठीवरचा. येथेच एक भाषाशास्त्रीय निर्णय दडलेला आहे. लिंग हा स्तंभ 'नोंद' या कोष्टकात आहे, शब्दांच्या एखाद्या स्वतंत्र यादीत नाही. शाळेतील व्याकरणेसुद्धा 'ढेकर', 'बाग' यांसारखी नामे दोन लिंगांत चालतात असे सांगतात. शब्द एक, त्याचे लिंग एक, असे गृहीत धरून कोष्टक आखले तर एका गावचे पुल्लिंग आणि दुसऱ्या गावचे स्त्रीलिंग यांतील कोणते तरी एक नोंदविताना दुसरे पुसले जाईल. आणि सर्वेक्षण ज्यासाठी केले तो पुरावाच हातचा जाईल.

कोष्टकातील ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो, ही गोष्ट छापील ग्रंथांवर वाढलेल्या अभ्यासकाला प्रथम चमत्कारिक वाटते. छापील कोशाला एक क्रम निवडावाच लागतो. अमरकोशाने विषयवार वर्गांचा क्रम निवडला, मोल्सवर्थच्या कोशाने वर्णानुक्रम. एकदा निवड झाली की दुसऱ्या क्रमाने जाऊ पाहणाऱ्या वाचकाला परिशिष्टाचा आधार शोधावा लागतो. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे जे खंड सिद्ध केले त्यांत एकेका बोलीचे वर्णन एकेका खंडात आहे. कुडाळी १९६५ साली, महाडची कुणबी १९६६ साली. एका बोलीचा अभ्यास करावयाचा तर ही रचना उत्तम. परंतु एकाच अर्थाचे शब्द सर्व बोलींत पाहावयाचे असल्यास अनेक खंड एकाच वेळी उघडून बसावे लागते. कोष्टकांच्या बाबतीत ही निवड करावीच लागत नाही. संकल्पनेवरून शब्दांकडे जाणारे एक दृश्य रचावे, म्हणजे 'मुलगा' या अर्थी मालवणीतील 'झील', अहिराणीतील 'आंडोर', देशावरील 'ल्योक' ही रूपे एका पानावर येतात. शब्दावरून अर्थांकडे जाणारे दुसरे दृश्य रचावे, गावावरून सर्व उत्तरांकडे जाणारे तिसरे. तिन्ही दृश्यांखाली चिठ्ठ्या त्याच.

वाचकाने एखाद्या पानाची मागणी केली असता काय घडते ते थोडक्यात असे. ब्राउझरकडून आलेला पत्ता अनुप्रयोग वाचतो आणि पत्त्यांच्या यादीत पाहून कोणते दृश्य पुकारावयाचे ते ठरवितो. पत्त्यात 'प्रश्न' आणि १२ असा क्रमांक असेल तर संकल्पना-दृश्याला १२ हा आकडा मिळतो. दृश्य डेटाबेसला पृच्छा करते, मिळालेल्या ओळी साच्याच्या स्वाधीन करते, साचा त्यांना एचटीएमएलचे रूप देतो आणि ते पान ब्राउझरकडे परत जाते. पान कोठेही साठविलेले नसते. मागणीगणिक ते नव्याने घडते. त्यामुळे नवी चिठ्ठी दाखल होताच ती सर्व दृश्यांत आपोआप दिसू लागते, हा मोठाच लाभ. पण दृश्यात चूक असेल तर तीही तितक्याच निष्ठेने प्रत्येक पानावर उमटते. आणि या चुका बहुधा दिसण्याच्या नसतात, न दिसण्याच्या असतात.

त्यांतील पहिली कोष्टके जोडण्याच्या क्रियेत संभवते. समजा, एका गावाचे दृश्य हवे आहे : प्रश्नावलीतील सर्व संकल्पना आणि त्यांच्यासमोर त्या गावी मिळालेले शब्द. नवशिक्या मनुष्य 'प्रश्न' आणि 'नोंद' ही कोष्टके साध्या जॉइनने जोडतो. साधा जॉइन दोन्हीकडे जोडी जुळलेल्या ओळीच देतो. दोनशे प्रश्नांपैकी त्या गावी एकशेसाठ प्रश्नांची उत्तरे मिळाली असतील, तर पानावर एकशेसाठ ओळी येतात. उरलेले चाळीस प्रश्न कोठे गेले हे पान सांगत नाही. किंबहुना ते कधी विचारावयाचे होते याचीही खूण ठेवत नाही. पान सुबक व भरलेले दिसते आणि वाचक ते पूर्ण मानतो. छापील तक्त्यात निदान रिकामा चौकोन राहिला असता आणि त्या चौकोनाने डोळ्याला अडविले असते.

यावर उपाय म्हणून 'लेफ्ट जॉइन' सांगितला जातो. त्यात डाव्या कोष्टकातील प्रत्येक ओळ टिकते आणि उजवीकडे जोडी नसेल तेथे 'नल', म्हणजे अभावाची खूण, येते. उपाय बरोबर आहे. तथापि तो लागू केल्यावरही चूक परत येते, आणि ती का येते हे समजावून घेण्याजोगे आहे. 'प्रश्न' डावीकडे ठेवून 'नोंद' लेफ्ट जॉइनने जोडली आणि मग पृच्छेच्या 'व्हेअर' या भागात 'नोंदीतील गाव अमुक असावे' अशी अट घातली, तर ज्या प्रश्नांना त्या गावी उत्तर नाही ते पुन्हा गळतात. कारण 'व्हेअर'ची अट जोडणीनंतर तपासली जाते. ज्या प्रश्नाला कोठेच उत्तर नाही त्याच्या ओळीत गावाच्या जागी अभाव असतो, आणि अभाव हा कोणत्याही गावाच्या बरोबर ठरत नाही. ज्याला केवळ अन्य गावी उत्तर आहे त्याच्या ओळीत दुसरेच गाव असते. दोन्ही प्रकारच्या ओळी चाळणीखाली जातात, आणि लेफ्ट जॉइन लिहूनही फळ साध्या जॉइनचेच मिळते. अट जोडणीच्या 'ऑन' या भागात घातली, म्हणजे 'या गावच्या नोंदीच तेवढ्या जोडावयास घ्या' असे सांगितले, तरच दोनशेच्या दोनशे प्रश्न उभे राहतात. जँगोत २०१७ साली आलेल्या २.० या आवृत्तीपासून 'फिल्टर्डरिलेशन' नावाची सोय यासाठीच आहे. व्याकरणाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. विशेषण नामाला लागले आहे की सबंध वाक्याला, यावर अर्थ फिरतो हे त्याला नित्य परिचयाचे आहे.

दुसरी चूक अभावाच्या स्वरूपातूनच उद्भवते. एसक्यूएल या पृच्छाभाषेचे तर्कशास्त्र द्विमूल्य नसून त्रिमूल्य आहे : सत्य, असत्य आणि अज्ञात. अभावाशी केलेली कोणतीही तुलना, अगदी अभावाची अभावाशी केलेली तुलनासुद्धा, अज्ञात ठरते. आणि 'व्हेअर' केवळ सत्य ठरलेल्या ओळी पुढे सोडते. 'ढेकर'च्या चाळीस नोंदी आहेत. पंधरांत लिंग पुल्लिंग, अठरांत स्त्रीलिंग, आणि सातांत विद्यार्थ्याने लिंग लिहिलेलेच नाही असे समजा. 'लिंग पुल्लिंगी असलेल्या' नोंदी मागितल्या तर पंधरा येतात. 'लिंग पुल्लिंगी नसलेल्या' नोंदी मागितल्या तर पंचवीस याव्यात असे सामान्य तर्क म्हणतो, येतात अठराच. त्या सात नोंदी 'आहे' या दृश्यातही नाहीत आणि 'नाही' या दृश्यातही नाहीत. विशेष म्हणजे तीच गोष्ट जँगोच्या 'एक्सक्लूड' या क्रियेने मागितली असता पंचवीस ओळी मिळतात, कारण अभावाच्या ओळी राखण्याची तजवीज ती क्रिया स्वतःच करते. म्हणजे एकाच संग्रहावर, एकाच वाटणाऱ्या प्रश्नाला, दोन वाटांनी दोन उत्तरे! लिंगभेदाचे प्रमाण काढून त्यावर निष्कर्ष बसविणाऱ्या प्रबंधात हा सात नोंदींचा फरक क्षुल्लक नव्हे.

खरे पाहता, अभाव एकच नसतो. प्रश्न त्या गावी विचारलाच गेला नाही; विचारला पण निवेदकाला उत्तर सुचले नाही; विचारला आणि निवेदकाने 'आमच्याकडे ती वस्तूच नाही' असे सांगितले; उत्तर मिळाले पण चिठ्ठीवरील अक्षर लागत नाही. या चारही अवस्थांत 'शब्दरूप' हा स्तंभ रिकामाच राहतो, परंतु बोलीविज्ञानाच्या दृष्टीने त्यांची किंमत सर्वस्वी भिन्न आहे. तिसरी अवस्था हा तर पुरावाच आहे. पाणिनीने लोपाची व्याख्या अदर्शन अशी केली. पण ते अदर्शन जेथे रूपाची अपेक्षा आहे तेथले, आणि त्याचे स्थान व्याकरणाला ठाऊक असते. कोष्टकातील कोरा रकाना मात्र कशाचीच ग्वाही देत नाही. कॉड यालाही हे पुढे जाणवले होते. १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याने 'लागू आहे पण माहीत नाही' आणि 'मुळात लागूच नाही' अशा दोन निराळ्या खुणा सुचविल्या. नित्याच्या डेटाबेसांनी मात्र एकच 'नल' ठेवला. तेव्हा बोलीसंग्रहात उत्तराची अवस्था सांगणारा एक स्वतंत्र स्तंभ ठेवणे आणि गावाच्या दृश्यात कोरी जागा न सोडता 'विचारले नाही', 'उत्तर नाही', 'वस्तू नाही', 'वाचता येत नाही' यांपैकी योग्य ते छापणे, हाच मार्ग उरतो. विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्याच्या वेळीच ही अवस्था लिहिली पाहिजे, हे ओघाने आलेच. नंतर ती आठवणीतून भरता येत नाही.

मोजणीच्या दृश्यांत याच चुकीचे उलटे रूप आढळते. प्रत्येक संकल्पनेपुढे तिच्या नोंदींची संख्या दाखवावयाची आहे. लेफ्ट जॉइन करून ओळी मोजल्या तर एकही नोंद नसलेल्या संकल्पनेपुढे शून्याऐवजी १ हा आकडा येतो. कारण जोडी नसतानाही डाव्या बाजूची ती ओळ टिकून राहते आणि ओळ म्हणून मोजली जाते. ओळी न मोजता नोंदीचा क्रमांक मोजावयास सांगितले म्हणजे अभाव वगळला जाऊन शून्य येते. जेथे काहीच मिळाले नाही तेथे एक उत्तर मिळाले असे जाहीर करणारे पान दोन महिने कोणाच्या लक्षात येऊ नये, यात अशक्य असे काही नाही.

आता वर्णानुक्रमाकडे वळावे. यंत्राला मराठी वर्णमाला ठाऊक नसते. त्याला युनिकोडातील स्थानांचे आकडे ठाऊक असतात, आणि एसक्यूलाइट, वेगळे सांगितले नसेल तर, त्या आकड्यांच्याच क्रमाने शब्द लावतो. देवनागरीची ही स्थाने पुष्कळशी परंपरेला अनुसरून असल्यामुळे सूची वरवर पाहता ठीक दिसते. स्वर आधी, व्यंजने नंतर, 'का' ही 'कळ'च्या पुढे, जोडाक्षरे काना-मात्रांच्या पुढे, सारे यथास्थित. घोटाळा तुरळक ठिकाणी होतो. युनिकोडात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसविला आहे. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. परिणामी 'बळ' हा शब्द 'बस' आणि 'बहर' यांच्या आधी लागतो. मराठीत ळ शब्दारंभी येत नाही. त्यामुळे सूचीतील आद्याक्षरे चाळून पाहणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही. ती शब्दाच्या पोटात लपलेली असते. क्ष आणि ज्ञ ही तर यंत्राच्या लेखी स्वतंत्र अक्षरेच नव्हेत. ती अनुक्रमे क आणि ज यांच्या जोडाक्षरांत जातात. संस्कृत कोशांची रीत हीच आहे, पण मराठी मुलाला ती वर्णमालेच्या शेवटी शिकविली जातात. येथे कोणता पक्ष बरोबर हे यंत्र सांगू शकत नाही, संपादकाने ते ठरवावयाचे आहे. इंग्रजी शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲ या अक्षराची गत आणखी मौजेची. ते युनिकोडात २००८ साली, उशिरा, दाखल झाले आणि त्याला व्यंजनांच्याही पलीकडची जागा मिळाली; म्हणून 'ॲसिड' हा शब्द 'हौद'च्याही मागून सूचीच्या तळाशी जाऊन पडतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, क्रमाचा स्वतंत्र नियम प्रोग्राममध्ये लिहून तो डेटाबेसला कळविणे. युनिकोड संघाच्या भाषावार नियमसंग्रहात ळ, क्ष आणि ज्ञ यांना ह नंतर ठेवणारा मराठीचा क्रम उपलब्ध आहे, त्याचा आधार घेता येतो. दुसरा, प्रत्येक शब्दरूपाबरोबर एक क्रमकिल्ली साठविणे. म्हणजे शब्दाचे असे सांकेतिक रूपांतर की जे आकड्यांच्या क्रमाने लावले असता मराठी क्रम आपोआप साधेल. लहान संग्रहाला दुसरा उपाय अधिक सोयीचा. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली तरी किल्ली तिच्याबरोबर जाते. नियम मात्र प्रत्येक जोडणीच्या वेळी नव्याने कळवावा लागतो.

शोधाचे दृश्य यापेक्षा नाजूक आहे. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र यंत्रावर दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र घेऊन त्याच्या पाठीमागे एक अदृश्य जोडखूण घालून. कागदावर व पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. यंत्राला ती दोन भिन्न शब्दरूपे वाटतात. एका विद्यार्थ्याने पहिल्या पद्धतीने नोंदविलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडत नाही, आणि 'नोंद नाही' असे पान त्याला निःशंकपणे दाखविले जाते. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या मते ही दोन लेखने समतुल्य नाहीत. म्हणून पुष्कळ प्रोग्रामर अदृश्य खुणा सरसकट काढून टाकतात. इंग्रजी मजकुरात यामुळे काही बिघडत नाही. मराठीत मात्र जोडखूण काढली की 'दऱ्या'चे 'दर्या' होते, डोंगरांमधल्या दऱ्यांचा एकदम समुद्र होतो; 'आचाऱ्यास' जेवणाचे पैसे द्यावयाचे असतात ते 'आचार्यास' पोहोचतात! हा भेद अर्थभेदक आहे हे भाषाविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही. पण शोधाचे दृश्य लिहिणाऱ्याला ते कोणीतरी सांगितले पाहिजे. योग्य रीत अशी की जोडखुणेचे लेखन आढळल्यास ते नुक्त्याच्या लेखनात बदलावे, काढून टाकू नये. हा बदल शोधासाठी ठेवलेल्या वेगळ्या स्तंभात करावा. शोधणाऱ्याने टंकलेल्या शब्दावरही तोच नियम चालवावा. आणि चिठ्ठीवरून उतरलेले मूळ रूप जसेच्या तसे राखावे.

पानांच्या विभागणीविषयी, वेगाविषयी आणि सुरक्षिततेविषयी थोडके सांगितले तरी पुरे. लांब सूची पन्नास-पन्नास ओळींच्या पानांत तोडताना केवळ शब्दरूपाचा क्रम पुरेसा नसतो. एकच रूप अनेक गावी मिळालेले असते, आणि समान रूपांचा आपसांतील क्रम डेटाबेस प्रत्येक वेळी सारखा ठेवीलच असे नाही. मग एखादी नोंद दोन पानांवर दिसते आणि दुसरी कोणत्याच पानावर दिसत नाही. क्रमाच्या शेवटी नोंदीचा क्रमांक जोडला की हा दोष जातो. वेगाच्या बाबतीत, जँगोतील पृच्छा साचा प्रत्यक्ष ओळी मागेपर्यंत चालविली जात नाही. ही सोय चांगली आहे. परंतु साच्याने प्रत्येक नोंदीच्या वेळी तिच्या गावाचे नाव विचारले तर दोनशे नोंदींच्या पानाला दोनशेएक पृच्छा होतात. गाव आधीच जोडून आणावे. आणि वाचकाने टंकलेला मजकूर पृच्छेच्या वाक्यात थेट चिकटवू नये, ठरलेल्या जागी मूल्य म्हणूनच द्यावा. नाहीतर तो मजकूर आज्ञा म्हणून वाचला जाऊन संग्रहाची नासधूस होण्याचा धोका असतो.

निवेदकांची नावे हा निराळा प्रश्न आहे. चिठ्ठीवर नाव, वय, जात, व्यवसाय हे सारे असते, आणि सामाजिक बोलीविज्ञानाला त्याची गरजही असते. परंतु ज्या वृद्धेने अंगणात बसून विद्यार्थिनीला चार शब्द सांगितले तिने आपले नाव जगापुढे यावे यास संमती दिली होती असे नव्हे. येथे 'व्ह्यू'चा पहिला, डेटाबेसमधील, अर्थ कामास येतो. नाव वगळून, वयाऐवजी वयोगट ठेवून एक जतन केलेली पृच्छा करावी आणि वाचकांसाठीची सर्व पाने तिच्यावरच उभारावीत. मात्र एसक्यूलाइटमध्ये निरनिराळ्या वापरणाऱ्यांना निरनिराळे अधिकार देण्याची व्यवस्था नाही, हे विसरून चालणार नाही. ज्याच्या हाती फाइल लागली त्याच्या हाती नावेही लागली. म्हणून संग्रहाची प्रत इतर संशोधकांना द्यावयाची झाल्यास नावांचे कोष्टक वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे हीच खरी खबरदारी.

दृश्यांचे पत्ते ठरविताना पुढील संदर्भलेखनाचा विचार आजच करावा. पत्त्यात शब्दरूप न घालता नोंदीचा क्रमांक घालावा. शब्दाचे लेखन उद्या दुरुस्त होईल, क्रमांक बदलण्याचे कारण नाही. पान मागणीगणिक नव्याने घडत असल्यामुळे ज्या दिवशी प्रबंधकाराने ते उद्धृत केले त्या दिवशीचे रूप पुढे राहीलच असे नसते. यासाठी नोंदीतील दुरुस्ती जुन्या मजकुरावर न लिहिता नवी ओळ म्हणून दाखल करावी, जुनी ओळ तारखेसह जपावी, आणि पानाच्या तळाशी 'शेवटची दुरुस्ती' म्हणून दिनांक छापावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणासारखी सामग्री आता वेबवर पाहावयास मिळते आणि विद्यार्थी तिचे संदर्भ देऊ लागले आहेत. लहान विभागीय संग्रहांकडूनही तीच अपेक्षा केली जाईल.

दृश्य बरोबर आहे की नाही हे पान पाहून ठरत नाही; वर वर्णिलेल्या चुकांपैकी एकही पानाकडे पाहून कळण्यासारखी नाही. त्यासाठी हाताने बनविलेला एक चिमुकला संग्रह बाळगावा : तीन गावे, पाच प्रश्न, दहा-बारा चिठ्ठ्या. त्यांत एक गाव असे असावे की जेथे एकही उत्तर नाही. एक प्रश्न असा की जो कोठेच विचारला गेला नाही. एका चिठ्ठीवर गाव लिहावयाचे राहिलेले, एकीवर लिंग. दोन चिठ्ठ्यांवर एकच शब्द. एका शब्दात ळ, एक ॲ ने सुरू होणारा, आणि 'दऱ्या' दोन्ही लेखनांत, शिवाय 'दर्या'. प्रत्येक दृश्यात किती ओळी याव्यात हे आधी कागदावर मोजून लिहावे, मग प्रोग्रामला विचारावे. जँगोत अशी तपासणी लिहून ठेवता येते आणि प्रोग्रामात बदल केला की पुन्हा चालविता येते. अपेक्षित संख्या लिहिण्याचे काम मात्र ज्याने चिठ्ठ्या वाचल्या आहेत त्यानेच करावयाचे असते.